ब्लेंडरमध्ये साखरेत घोळवलेली जेलीची गोळी: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

ब्लेंडरसारख्या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये खाऊचं चित्र करायला बसलेला जवळजवळ प्रत्येक जण साखरेपाशी अडतो. जेलीची गोळी तासाभरात बरी जमते, रंग छान येतो, उजेड आत मुरल्यासारखा दिसतो. मग तिच्यावर साखर पसरली की सगळं बिघडतं. थर्माकोलचा भुगा चिकटल्यासारखा दिसतो, किंवा मीठ, किंवा चुना. मी कित्येक संध्याकाळी कणांची संख्या वाढवून पाहिली, आकार लहानमोठे करून पाहिले. चूक होती भलतीकडेच: मी कणांना पांढरा रंग दिला होता.

साखर पांढरी नसते. तिचा एकेक कण काचेसारखा नितळ असतो. ढीग पांढरा दिसतो, कारण हजारो कणांच्या हजारो बाजूंवरून उजेड वळत-उसळत आपल्याकडे परत येतो. बर्फाचा भुगा, चुरा झालेली काच, लाटेवरचा फेस यांचंही तसंच आहे. एवढं एक मनात पक्कं ठेवलं, तर या लेखातल्या निम्म्या पायऱ्या तुम्हाला आपोआप सुचतील.

आधी खरी साखर बघा

संगणक सुरू करण्याआधी चिमूटभर साखर काळ्या कागदावर पसरा. खोलीतले दिवे मालवा आणि विजेरी एका बाजूने, कागदाला लागून धरा. फोनचा कॅमेरा जमेल तितका जवळ न्या. भिंग असेल तर उत्तमच.

पहिली गोष्ट दिसेल ती आकार. कण गोल नसतात, ठोकळ्यासारखे असतात, आणि ठोकळाही सरळ नसतो, जरा एका बाजूला कललेला असतो. साखरेचा स्फटिक ज्या कुळातला आहे त्यात एक कोन काटकोन नसून सुमारे १०३ अंशांचा असतो, त्यामुळे हा कल येतो. कोपरे बहुधा तुटलेले असतात आणि काही ठिकाणी दोन-तीन कण एकमेकांना चिकटून वाढलेले असतात.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. बहुतेक कण मंद, करडे, जवळपास अदृश्य असतात. लखलखतात ते थोडेच. विजेरी किंचित हलवा: मघाचे विझतात, दुसरेच पेटतात. साखरेचा अपवर्तनांक, म्हणजे तिच्यात शिरताना उजेड किती वळतो ते सांगणारा आकडा, दिशेप्रमाणे १.५४ ते १.५७ इतका असतो. म्हणजे समोरून पडलेल्या उजेडातला जेमतेम ५ टक्के भाग पृष्ठभागावरून परत येतो, बाकीचा आत शिरतो. आत शिरलेला उजेड एखाद्या बाजूवर सुमारे ४० अंशांपेक्षा जास्त तिरका आदळला, तर बाहेर न पडता पूर्णपणे आतच परततो. ठोकळ्याच्या बाजू जिथे नेमक्या जुळून येतात, तिथून तो तुमच्या डोळ्यांत येतो, आणि तेवढा कण चमकतो.

आता त्या साखरेवर पाण्याचा एक थेंब सोडा. पांढरेपणा क्षणात ओसरतो. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, हवेपेक्षा साखरेच्या बराच जवळचा, त्यामुळे कडांवर उजेड वळायला फारसं कारण उरत नाही. गोळीवर चिकटलेल्या कणाच्या तळाशीही हेच होतं. साखरेच्या ८० टक्के द्रावणाचा अपवर्तनांक १.४९ असतो, आणि जेलीचा अपवर्तनांकही त्याच्याच आसपासचा असतो. जेलीत रुतलेली बाजू म्हणून दिसेनाशी होते; तिथून गोळीचा रंग थेट कणात वर चढतो. लाल गोळीवरची साखर बुडाशी लालसर आणि टोकाशी बिनरंगी दिसते ती यामुळे. या गोष्टी कागदावर टिपून ठेवा, पुढे प्रत्येक टप्प्यावर लागतील.

तयारी आणि माप

मी सगळं ब्लेंडरच्या संदर्भात लिहितो आहे. ते मोफत आहे आणि सुरुवातीला त्याहून जास्त काही लागत नाही. आवृत्ती ४.० किंवा नंतरची घ्या. २०२३च्या नोव्हेंबरात आलेल्या त्या आवृत्तीत 'प्रिन्सिपल्ड बीएसडीएफ' या मुख्य मटेरियलची मांडणी आणि बरीच नावं बदलली. जुने धडे बघून शोधत बसलात तर ती सापडणार नाहीत. रेंडर इंजिन, म्हणजे शेवटचं चित्र मोजून काढणारा भाग, 'सायकल्स' निवडा. इथे सगळा खेळ उजेडाच्या आतबाहेर जाण्याचा आहे, आणि तो किरण खरोखर मोजणाऱ्या इंजिनाशिवाय नीट होत नाही.

माप ठरवणं कंटाळवाणं वाटतं, पण ते टाळू नका. ब्लेंडरमध्ये १ युनिट म्हणजे १ मीटर धरलेलं असतं. खऱ्या मापाने २ सेंटिमीटरची गोळी केली तर साखरेचा कण ०.०००५ युनिटचा होतो आणि सगळीकडे शून्यं मोजत बसावं लागतं. त्यापेक्षा १ युनिट म्हणजे १ सेंटिमीटर असं मनाशी ठरवा. गोळी २ युनिट रुंद, कण ०.०३ ते ०.०६ युनिट. या सोयीची एक किंमत कॅमेऱ्याकडे मोजावी लागते, ती पुढे येईलच.

गोळीचं अंग

जेलीच्या गोळ्या बहुतेक वेळा कोरड्या स्टार्चच्या पावडरीत ओततात. थाळीत पावडर सपाट करायची, तिच्यात ठसे दाबून खळगे पाडायचे, गरम मिश्रण त्या खळग्यांत सोडायचं, घट्ट झालं की बाहेर काढून पावडर झटकायची. मग वाफेने पृष्ठभाग जरा ओलसर करून साखरेत घोळवायचं. ही प्रक्रिया कळली की आकार कसा करायचा ते कळतं: खळग्यात बसलेला भाग गोलसर आणि गुळगुळीत, उघडा राहिलेला भाग सपाट, मधे किंचित दबलेला आणि कडेला बारीक काठ उठलेला. गोळी ठेवताना हा सपाट भाग खाली जातो. पण एखादी गोळी आडवी पाडून तो दबलेला तळ दाखवलात, तर बघणाऱ्याला कारण न कळताही चित्र खरं वाटतं.

१ त्रिज्येचा 'यूव्ही स्फिअर' घ्या, एडिट मोडमध्ये खालचा अर्धा भाग काढून टाका. उघड्या कडेचे शिरोबिंदू निवडून एफ दाबा, तळ भरेल. आय दाबून तळात एक कडं आत घ्या आणि मधला भाग ०.०५ युनिट वर ढकला. बाहेरच्या कडेला ०.०८चा बेव्हल (कडेची धार मोडणारी गोलाई) द्या, वर 'सबडिव्हिजन सरफेस' मॉडिफायर लावा, शेडिंग स्मूथ करा. घुमट जरा बसका हवा असेल तर झेड दिशेने ०.९ करा आणि मग कंट्रोल-ए दाबून स्केल लागू करायला विसरू नका. ते राहिलं तर पुढे कणही तितकेच चेपले जातात, आणि कारण शोधता शोधता दिवस जातो.

हुबेहूब सारख्या गोळ्या चित्रात लगेच ओळखू येतात. प्रपोर्शनल एडिटिंग चालू करून दोन-तीन ठिकाणी बोटाने दाबल्यासारखं हलवा. अशा तीन वेगळ्या गोळ्या करा. त्याच फिरवून-उलटवून दहाबारा सहज होतात.

गोळीचं मटेरियल

इथे दोन वाटा आहेत. साखरेने जवळपास झाकलेल्या गोळीसाठी मी 'सबसरफेस', म्हणजे उजेड पृष्ठभागाखाली शिरून पसरण्याची सोय, वापरतो. रेंडर लवकर स्वच्छ होतो आणि साखरेखाली फरक फारसा कळत नाही. बिनसाखरेच्या, आरपार दिसणाऱ्या गोळीसाठी खरी पारदर्शकता हवी.

पहिल्या वाटेने जाताना 'सबसरफेस वेट' १ करा, पद्धत 'रँडम वॉक' राहू द्या, 'स्केल' ०.४ ठेवा. 'रेडियस'चे तीन आकडे म्हणजे लाल, हिरवा आणि निळा उजेड आत किती लांब जातो याचं प्रमाण. सुरुवातीला तिथे १, ०.२, ०.१ असं असतं. हे माणसाच्या त्वचेला साजेसं प्रमाण आहे. लाल गोळीला ते चालून जातं. पण हिरव्या गोळीला तेच ठेवलं तर पातळ कडांवर तांबूस झाक येते, आणि नवीन माणूस बेस कलर बदलत राहतो. हिरव्या गोळीला मधला आकडा मोठा हवा, उदाहरणार्थ ०.३, १, ०.१५. पिवळ्याला पहिले दोन मोठे आणि निळ्याचा अगदी लहान.

'रफनेस', म्हणजे पृष्ठभागाचा खरखरीतपणा, ०.४च्या आसपास ठेवा. साखरेखालचा पृष्ठभाग ओला होऊन परत सुकलेला असतो, आरशासारखा नसतो. दुसरंही एक कारण आहे. दोन पदार्थ एकमेकांत रुतलेत, मधे हवा नाही, हे सायकल्सला कळत नाही. कणातून जाणारा किरण गोळीला लागला की तो हवेतूनच येतो आहे असं धरून सायकल्स तिथे चकाकी मोजतं. खऱ्या गोळीत तिथे चकाकी जवळपास नसते. रफनेस वाढवला की ती पसरून जाते आणि चूक डोळ्यांना जाणवत नाही.

पारदर्शक वाटेला रंग पृष्ठभागावर द्यायचाच नाही. बेस कलर पूर्ण पांढरा, 'ट्रान्समिशन वेट' १, आयओआर (अपवर्तनांक) १.४९, आणि रंग 'व्हॉल्यूम ॲब्सॉर्प्शन' नोडमधून (नोड म्हणजे मांडणीत तारेने जोडायचा एकेक डबा) व्हॉल्यूम आउटपुटला. उजेड जितका जास्त जेलीतून जाईल तितका रंग गडद होत जातो, हा नियम तो नोड पाळतो. समजा रंगाचे आकडे ०.९, ०.०५, ०.०५ आणि घनता १ आहे. अर्ध्या सेंटिमीटरच्या पातळ भागातून लाल उजेड सुमारे ९५ टक्के आणि हिरवा-निळा ६२ टक्के पार होतो, म्हणून तो भाग गुलाबी दिसतो. २ सेंटिमीटरच्या जाड भागातून लाल ८२ टक्के येतो, पण हिरवा-निळा १५ टक्केच उरतो, आणि तिथे भरगच्च लाल दिसतो. एकाच गोळीत हे दोन्ही रंग असणं हीच पारदर्शकतेची खूण आहे; पृष्ठभागावर रंग लावून ती येत नाही. जेली थोडी धुरकट हवी असेल तर ०.१ घनतेचा 'व्हॉल्यूम स्कॅटर' 'ॲड शेडर'ने जोडा आणि लाइट पाथमधले व्हॉल्यूम बाउन्स शून्यावरून ४ करा.

कण घडवणं

चार-पाच वेगवेगळे कण पुरतात, पण ते मन लावून करा. क्यूबची बाजू २ युनिट असते. ती आधी १ करा. मग तिन्ही दिशांना वेगळी मापं द्या, समजा १, ०.८ आणि ०.६. शीअर करून तो १३ अंशांनी कलवा. एकदोन कोपरे 'बायसेक्ट'ने कापा, कापलेली जागा भरा. कडांना अगदी बारीक बेव्हल द्या, कणाच्या रुंदीच्या ३-४ टक्के. जगात सुईच्या टोकासारखी धार कशालाच नसते, आणि बारीक उजेडाची रेघ त्या बेव्हलवरच उमटते. शेडिंग मात्र फ्लॅट ठेवा. स्मूथ केलंत तर सपाट बाजूंवर खोटी गोलाई येते आणि कण वितळल्यासारखे दिसतात. एक कण असा करा की दोन ठोकळे तिरके एकमेकांत घुसलेले आहेत; ते बूलियनने एकजीव करा. एक नुसता तुटका तुकडा ठेवा. सगळे एका 'कलेक्शन'मध्ये टाका, स्केल लागू करा. प्रत्येकाची जाळी (मेश) एडिट मोडमध्ये वर सरकवा, म्हणजे ओरिजिन (वस्तूचा आधारबिंदू) कणाच्या उंचीच्या खालच्या चौथ्या भागाशी येईल. कण पेरले की तेवढा भाग जेलीत रुतेल.

मटेरियल साधं आहे: ट्रान्समिशन १, आयओआर १.५५, रफनेस ०.०५. आणि बेस कलर पूर्ण १. हा शेवटचा आकडा मुद्दाम तपासा, कारण ब्लेंडर स्वतःहून तिथे ०.८ ठेवतं. एका कणातून जाताना उजेड ८० टक्के उरतो असं धरलं, तर तीन कण ओलांडेपर्यंत तो निम्मा झालेला असतो. साखर मळकी, राखेसारखी दिसते आणि दिवे कितीही वाढवले तरी उजळत नाही.

सगळे कण सारखेच नितळ असले तर चित्र हिऱ्यांच्या दुकानासारखं होतं. घोळवताना कण एकमेकांवर घासतात, बारीक पूड चिकटते. 'ऑब्जेक्ट इन्फो' नोडचं 'रँडम' आउटपुट प्रत्येक कणाला वेगळा आकडा देतं. त्यावरून चौघांतल्या एकाचा रफनेस ०.३ करा.

कण पेरणं

किती कण लागतील याचा हिशेब आधी केला तर अंदाजाने धडपडावं लागत नाही. २ सेंटिमीटर व्यासाच्या अर्धगोलाचा वरचा पृष्ठभाग ६२८ चौरस मिलिमीटर आणि तळ ३१४, मिळून ९४२. अर्ध्या मिलिमीटरचा कण पाव चौरस मिलिमीटर जागा घेतो. म्हणजे पूर्ण झाकायला पावणेचार हजारांच्या आसपास कण. हे सगळे 'इन्स्टन्स' असतात, एकाच जाळीच्या प्रती, त्यामुळे दहा गोळ्यांचे चाळीस हजार कणही साध्या संगणकाला जड जात नाहीत. 'रिअलाइझ इन्स्टन्सेस' हा नोड मात्र इथे लावू नका, नाहीतर ती सगळी बचत जाते.

गोळीवर सबडिव्हिजननंतर 'जिऑमेट्री नोड्स' मॉडिफायर लावा. 'डिस्ट्रिब्यूट पॉइंट्स ऑन फेसेस' घ्या आणि पद्धत 'पॉयसन डिस्क' करा. ती दोन कणांत किमान अंतर राखते. अंतर ०.०४, 'डेन्सिटी मॅक्स' १०००. पुढे 'इन्स्टन्स ऑन पॉइंट्स'. त्याला 'कलेक्शन इन्फो'तून तुमचे कण द्या. तिथे 'सेपरेट चिल्ड्रन' आणि 'रिसेट चिल्ड्रन' दोन्हीवर खूण करा, आणि इन्स्टन्स नोडवर 'पिक इन्स्टन्स'. शेवटी 'जॉइन जिऑमेट्री'ने मूळ गोळी परत जोडा, नाहीतर नुसती साखर हवेत तरंगेल.

इथवर यंत्रासारखं झालं. हात लागतो तो पुढच्या चार गोष्टींत.

दिशा. घोळवताना कण बहुधा सपाट बाजूवर बसतात, मोजकेच टोकावर उभे राहतात. म्हणून डिस्ट्रिब्यूट नोडचं रोटेशन इन्स्टन्सला द्या, आणि नंतर 'रोटेट इन्स्टन्सेस' लावून यादृच्छिक फिरवा: एक्स आणि वायभोवती उणे ०.६ ते अधिक ०.६ रेडियन, झेडभोवती ० ते ६.२८. तिन्ही दिशांना पूर्ण वाटेल तसं फिरवलं तर पृष्ठभाग काटेरी दिसतो.

आकार. 'रँडम व्हॅल्यू'ने स्केल ०.०३ ते ०.०६ दिलं तर लहान आणि मोठे कण समसमान येतात. खऱ्या साखरेत मधल्या मापाचे जास्त आणि खूप मोठे विरळा. रँडम व्हॅल्यू आणि स्केलच्या मधे 'फ्लोट कर्व्ह' टाकून रेघ वाकवा.

उघड्या जागा. याला मी सर्वांत जास्त वेळ देतो. खरी गोळी सगळीकडे सारखी झाकलेली नसते: दोन गोळ्या एकमेकींना घासल्या तिथे साखर गळालेली असते, तळाच्या खळग्यात साठलेली असते, कडेवर झिजलेली असते. 'नॉइज टेक्स्चर' आणि 'मॅप रेंज' जोडून 'डेन्सिटी फॅक्टर'ला द्या. वर दर्शनी बाजूला एक-दोन उघडे डाग हाताने वेट पेंटने रंगवा. त्या डागांतून जेलीचा खरा रंग दिसतो आणि तिथेच नजर थांबते. सगळीकडे साखर पसरलेली गोळी फिकी वाटते, मग माणूस रंग भडक करत जातो.

पूड. याच नोडमध्ये दुसरी पेरणी करा, पद्धत साधी 'रँडम', कणांचं माप ०.०१ ते ०.०२. ही घोळवताना झडलेली धूळ. जवळून पाहताना ती वेगळी कळत नाही, पण ती नसली की मोठे कण सुटे-सुटे, मोजून ठेवल्यासारखे दिसतात.

काम करताना पडदा अडखळत असेल तर 'इज व्ह्यूपोर्ट' नोडने पडद्यापुरती घनता दहाव्या हिश्शावर आणा.

उजेड

इतकी मेहनत एका चुकीच्या दिव्याने वाया जाते. पारदर्शक वस्तू स्वतःचं काही दाखवत नाही; आजूबाजूला जे आहे ते वाकवून दाखवते. चारही बाजूंना पांढरं असेल तर कणातही पांढरंच दिसणार आणि कडा हरवणार. म्हणून आसपास उजेड आणि अंधार दोन्ही हवेत. काचेच्या वस्तूंचे फोटो काढणारे अनुभवी लोक याच कारणाने काळे पुठ्ठे जवळ बाळगतात. वर्ल्डचा उजेड अगदी मंद ठेवा, मागची भिंत गडद.

मुख्य दिवा गोळीच्या मागे, थोडा वर आणि एका बाजूला: सुमारे १० बाय १० युनिटचा एरिया लाइट. मागून आलेला उजेड जेलीतून पुढे झिरपतो आणि गोळी आतून उजळते. समोरून मोठा मऊ दिवा लावण्याचा मोह आवरा. त्याने गोळी प्लास्टिकची होते. समोरच्या सावलीसाठी एक मंद, मोठा परावर्तक पुठ्ठा, म्हणजे साधा पांढरा प्लेन, पुरेसा आहे.

आता चमचम. ती मोठ्या दिव्याने येत नाही. मोठा दिवा बऱ्याच कणांत एकदम दिसतो आणि सगळे सारखेच उजळतात. विजेरीचा प्रयोग आठवा. अर्ध्या-एक युनिटचा एक छोटा, तेज एरिया लाइट ३० युनिट लांब, बाजूला ठेवा. तो फार थोड्या कणांच्या बाजूंवर नेमका जुळतो आणि तेवढेच लखलखतात. हा दिवा दोन-तीन युनिट इकडेतिकडे सरकवून पाहा, प्रत्येक वेळी वेगळे कण पेटतील. मी एकाच गोळीची अशी दहाबारा लहान रेंडर काढतो आणि ज्यात चमक उघड्या डागाच्या काठावर पडते तीच ठेवतो.

कॅमेरा

१०० मिलिमीटरची भिंग-लांबी (फोकल लेंग्थ) घ्या आणि कॅमेरा २० युनिट लांब ठेवा. ३६ मिलिमीटर सेन्सरवर चौकटीत सुमारे ७ सेंटिमीटर मावतं, म्हणजे तीन गोळ्या आरामात. २००० पिक्सेल रुंदीच्या चित्रात अर्ध्या मिलिमीटरचा कण चौदा पिक्सेलचा होतो. एवढ्यात त्याच्या बाजू दिसतात. १००० पिक्सेलला सातच उरतात आणि कष्टाने केलेले कोपरे ठिपक्यात विरतात. लहान चित्र हवं असेल तरी मोठं रेंडर करून मग लहान करा.

इतक्या जवळून काढलेल्या खऱ्या फोटोत स्पष्टतेची खोली फार थोडी असते. वस्तूच्या निम्म्या आकाराची प्रतिमा सेन्सरवर पडत असेल, तर भिंगाचं छिद्र एफ ११ इतकं लहान केलं तरी ती सुमारे ४ मिलिमीटरच. पुढची गोळी धारदार आणि मागच्या धूसर, याच एका खुणेने नजर 'वस्तू लहान आहे' असं मानते. डेप्थ ऑफ फील्ड चालू करा आणि फोकस सर्वांत जवळच्या उघड्या डागावर ठेवा. मापाची किंमत मोजायची ती इथे. आपण सगळं शंभरपट मोठं केलं आहे, पण ब्लेंडर भिंगाचं छिद्र खऱ्या मिलिमीटरमध्येच मोजतं. एफ ११चा परिणाम हवा तर एफ-स्टॉपमध्ये ०.११ लिहावं लागतं. हे ठाऊक नसेल तर ११ लिहून धूसरपणा का येत नाही, म्हणून डोकं धरून बसायची वेळ येते.

रेंडर

लाइट पाथमध्ये 'टोटल' आणि 'ट्रान्समिशन' ३२ करा. मूळ आकडा १२ असतो. एका कणात शिरणं-निघणं म्हणजेच दोन टप्पे, मधे आतल्या आत उसळणं वेगळं, आणि एकामागे एक चारपाच कण. टप्पे संपले की किरण सोडून दिला जातो आणि तिथे काळा ठिपका उरतो. साखरेत मिरपूड मिसळल्यासारखं दिसलं तर आधी हाच आकडा बघा.

सॅम्पल, म्हणजे प्रत्येक पिक्सेलमागे सोडलेले किरण, दीड-दोन हजार लागतात. खरखराट पुसणाऱ्या डीनॉइजरच्या भरवशावर दोनशेत उरकू नका. बारीक चमकणारा ठिपका आणि रेंडरमधला खरखराट यांतला भेद त्याला नीट करता येत नाही, आणि साखर पुसून मेणासारखी होते. वापरायचाच असेल तर शेवटच्या थोड्या खरखरीसाठी, आणि कंपोझिटरमध्ये मूळ चित्राशी निम्मा-निम्मा मिसळून. फार तेजस्वी किरणांना मर्यादा घालणारा 'क्लॅम्प इनडायरेक्ट' १०च्या खाली फार नेऊ नका, चमक त्यातच मरते.

मग एखादा लखलखीत ठिपका खरा की खोटा, हे कसं ओळखायचं? सॅम्पलिंगमधला 'सीड' (यादृच्छिक किरणांची सुरुवात ठरवणारा आकडा) बदलून तेवढाच भाग परत रेंडर करा. खरी चमक त्याच कणावर राहते, खोटा ठिपका दुसरीकडे उडी मारतो.

रंगासाठी ४.०पासून 'एजीएक्स', म्हणजे मोजलेले रंग पडद्यावर कसे दाखवायचे ते ठरवणारं रूपांतर, आपोआप निवडलेलं असतं. ते फार तेजस्वी, गडद रंग हळूच फिके करतं. फोटोसारखेपणासाठी ते चांगलंच आहे, पण गोळी मवाळ वाटली तर मटेरियलचा रंग भडक करण्याआधी 'लूक'मध्ये 'पंची' किंवा 'मीडियम हाय कॉन्ट्रास्ट' लावून पाहा.

गोळीखालची जागा

हे लोक शेवटी करतात किंवा करतच नाहीत. साखरेची गोळी ठेवली की तिच्याभोवती कण सांडतात: गोळीला लागून दाट, बाहेर जाताना विरळ, आणि दोन-चार अगदी लांब. खालच्या प्लेनवर तीच नोडची मांडणी लावा आणि डेन्सिटी फॅक्टर गोळीपासूनच्या अंतराने कमी होत जाईल असा द्या. 'जिऑमेट्री प्रॉक्सिमिटी' नोड ते अंतर देतो. सांडलेले कण रुतलेले नसतात, म्हणून त्यांची वेगळी प्रत करा, ओरिजिन तळाला.

आणि गोळी टेबलाला चिकटवून ठेवू नका. तळाखाली कण आहेत, ती त्यांच्यावर टेकलेली आहे. ०.०३ ते ०.०४ युनिट वर उचला, एका बाजूला अंशभर कलवा. कडेखाली एक बारीक, तुटक फट दिसेल, तिच्यातून मागच्या दिव्याचा लाल उजेड सांडलेल्या कणांवर पडेल, आणि टेबलावरची साखरही बुडाशी लालसर होईल.